बेन्झीनच्या लेबलावर कवटी का नाही?

महामार्गावर एखाद्या टँकरच्या मागे गाडी अडकली, की त्याच्या पाठीवरची पाटी वाचायला भरपूर वेळ मिळतो. त्या पाटीवर १११४ हा आकडा आणि लाल चौकोनात ज्वालेचे चित्र दिसले, तर समजा की टँकरमध्ये बेन्झीन आहे. लाल चौकोन इतकेच सांगतो, की हा द्रव चटकन पेट घेतो. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत बेन्झीन तिसऱ्या वर्गात, म्हणजे ज्वलनशील द्रवांत मोडते. विषारी पदार्थांचा वर्ग वेगळा आहे आणि बेन्झीन त्यात नाही.

हेच बेन्झीन पिंपात भरून कारखान्यात गेले, की लेबलावर तीन चित्रे येतात: ज्वाला, उद्गारचिन्ह, आणि छातीत तारा फुटल्यासारखी दिसणारी माणसाची आकृती. कवटी आणि हाडे तिथेही नसतात. ज्या पदार्थामुळे माणसाला रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्के सिद्ध झाले आहे, त्याच्यावर विषाची सर्वांना कळणारी खूणच नाही! ही छपाईतली चूक नव्हे. त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजला तर लेबल वाचायची तुमची पद्धत बदलेल.

बेन्झीन पहिल्यांदा वेगळे काढले ते मायकेल फॅरडे यांनी, १८२५ साली. त्या काळी लंडनमध्ये दिव्यांसाठी तेलापासून वायू बनवत आणि तो दाबाखाली भरत. त्या भांड्यांच्या तळाशी जो तेलकट द्रव साचे, त्यातून फॅरडेंना हा स्वच्छ, गोडसर वासाचा पदार्थ मिळाला. पुढे दगडी कोळशाच्या डांबरातही तो सापडला. चार्ल्स मॅन्सफिल्ड या तरुण रसायनशास्त्रज्ञाने डांबरातून बेन्झीन मोठ्या प्रमाणावर काढायची पद्धत बसवली. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तो नमुना तयार करत होता. ऊर्ध्वपातनाचे भांडे उतू जाऊन पेटले. जळते भांडे रस्त्यावर नेण्याच्या प्रयत्नात तो गंभीर भाजला आणि काही दिवसांतच गेला.

बेन्झीन जळते, हे सिद्ध करायला यानंतर कोणालाही अभ्यास हाती घ्यावा लागला नाही. भौतिक धोक्याचे हे वैशिष्ट्य आहे: कारण आणि परिणाम एकाच खोलीत, एकाच क्षणी दिसतात. तो मोजताही सहज येतो. बेन्झीनची वाफ उणे ११ अंश सेल्सियसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही गावी. ही वाफ हवेपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूर जाते आणि भलतीकडच्या ठिणगीने भडकते. आजच्या जागतिक पद्धतीत २३ अंशांच्या खाली पेटणारे द्रव पहिल्या दोन श्रेणींत येतात. त्यातले जे ३५ अंशांपर्यंत उकळते ते पहिल्या श्रेणीत, त्याहून वर उकळते ते दुसऱ्या. बेन्झीन ८० अंशांना उकळते, म्हणून दुसरी श्रेणी. संपला प्रश्न. प्रयोगशाळेतला मुलगा हे काम एका सकाळीत करील.

आरोग्याच्या धोक्याचे तसे नाही.

पंक्चर काढणारा ट्यूब घासून तिला ‘सोल्यूशन’ लावतो, ते तुम्ही पाहिले आहे. रबर कशात तरी विरघळवले, की असा चिकट द्रव तयार होतो, आणि रबर विरघळवायला बेन्झीनइतका छान आणि स्वस्त द्रव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरा नव्हता. त्याच सुमारास सायकलची लाट आली. १८९७ साली स्वीडनमधल्या सान्तेसोन या डॉक्टरांनी सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या तरुण कामगार स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येत होते, अंगावर जांभळे डाग उठत होते. चौघी दगावल्या. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा गर, काम करेनासा झाला होता. या अवस्थेला आज आपण अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणतो.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला तसेच घडले. तिथे पत्र्याचे डबे बंद करायला बेन्झीनमधले रबर लावत. १९१० साली लॉरेन्स सेलिंग यांनी त्या कारखान्यात काम करून आजारी पडलेल्या किशोरवयीन मुलींची नोंद केली आणि सशांना बेन्झीन देऊन पाहिले. सशांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या.

यातून वैद्यकाने काढलेला एक निष्कर्ष वाचून आज अंगावर काटा येतो. बेन्झीनने पांढऱ्या पेशी कमी होतात ना? मग ज्यांच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत, त्या ल्युकेमियाच्या रुग्णांना ते औषध म्हणून का देऊ नये? १९१२ साली बुडापेस्टच्या कोरान्यी यांनी तसे दिलेही, आणि आकडे खाली आलेले पाहून ही उपचारपद्धत काही वर्षे इतरत्रही वापरली गेली. त्या काळच्या डॉक्टरांच्या हाती दुसरे जवळजवळ काही नव्हते, हे खरे. पण १९२८ साली फ्रान्समध्ये बेन्झीनशी काम करणाऱ्या एका माणसाला ल्युकेमिया झाल्याची नोंद आली. ज्या रोगावर ते औषध होते, तोच रोग त्यातून होत होता.

आता ‘मर्यादे’च्या कहाणीकडे येऊ. हवेतले प्रमाण पीपीएममध्ये मोजतात; १ पीपीएम म्हणजे दहा लाख भाग हवेत एक भाग वाफ. १९२६ साली अमेरिकेतल्या एका समितीने कारखाने पाहून प्रमाण १०० पीपीएमखाली ठेवा असे सांगितले. पण त्यापेक्षा कमी हवेतही काही कामगारांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या त्यांना आढळल्या होत्या. १९४८ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे तेलधंद्याच्याच संघटनेच्या, एका आढाव्यात असे छापले गेले, की बेन्झीनचे पूर्ण सुरक्षित म्हणता येईल असे प्रमाण शून्य हेच मानले जाते. त्याच कागदात मर्यादा मात्र ५० पीपीएम किंवा त्याखाली सुचवली होती. सोय आणि सत्य एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेली अशी क्वचितच सापडतात.

यानंतरचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा अध्याय इस्तंबूलचा आहे, कारण तो एका रक्तरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत घडला. १९५५ ते १९६० च्या दरम्यान तिथल्या जोडे आणि पर्स बनवणाऱ्या कारागिरांनी बेन्झीन असलेले स्वस्त सोल्यूशन वापरायला सुरुवात केली. लहान, कोंदट खोल्यांत कामे चालत. हवेत बेन्झीन कधी कधी कित्येकशे पीपीएम असे. मुझफ्फर अक्सोय यांच्याकडे आधी अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचे, मग ल्युकेमियाचे रुग्ण येऊ लागले. ‘काय काम करता?’ या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा ‘जोडे बनवतो’ असेच येई. १९७४ साली त्यांनी हिशेब मांडला: सुमारे २८,५०० कारागिरांमध्ये १९६७ ते १९७३ या काळात ल्युकेमिया किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेचे २६ रुग्ण. लाखामागे वर्षाला १३; सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण लाखामागे ६ च्या आसपास. १९६९ नंतर ते सोल्यूशन हळूहळू बंद होत गेले आणि पुढे रुग्णही कमी झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दरवर्षी लाखात तेरा. दुकानात शेजारी बसून काम करणाऱ्यांना असा फरक डोळ्यांनी कधीच दिसणार नाही. तिघे-चौघे मित्र वीस वर्षे तेच काम करून ठणठणीत असतील आणि ‘आम्हाला कुठे काय झाले?’ असे अगदी प्रामाणिकपणे म्हणतील. मॅन्सफिल्डच्या आगीला साक्षीदार होते. या धोक्याला साक्षीदार नसतो, फक्त मोजणी असते.

१९७७ साली ओहायोतल्या रबराची पातळ फिल्म बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांची मोजणी प्रसिद्ध झाली. ल्युकेमियाचे मृत्यू अपेक्षेच्या किमान पाचपट होते. अमेरिकी सरकारने मर्यादा १० वरून १ पीपीएमवर आणली. धंद्याने कोर्टात आव्हान दिले आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला: १० पीपीएमला लक्षणीय धोका आहे, हे सरकारने आधी दाखवायला हवे होते. तोच १ पीपीएमचा नियम पुन्हा यायला १९८७ उजाडले. त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने बेन्झीनला ‘गट १’ मध्ये ठेवले होते. गट १ म्हणजे सर्वांत जहाल, असा अर्थ पुष्कळ जण घेतात. तो बरोबर नाही. त्या गटांतून पुरावा किती पक्का आहे, एवढेच कळते. तंबाखू, सुपारी आणि बेन्झीन एकाच गटात आहेत, म्हणून तिन्हींचा धोका सारखा, असे मुळीच नाही.

आता त्या कवटीकडे वळू. देशोदेशींच्या खुणा वेगवेगळ्या असल्याने गोंधळ होई, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जीएचएस ही एकच पद्धत बनवली. तिची पहिली आवृत्ती २००३ सालची. तिच्यात कवटी राखून ठेवली आहे ती तीव्र विषांसाठी, म्हणजे एका वेळच्या थोड्याशा मात्रेने मारणाऱ्या पदार्थांसाठी. बेन्झीन त्या कसोटीला उतरत नाही. हवेत २०,००० पीपीएम असेल तर काही मिनिटांत माणूस दगावतो खरा, पण ‘थोडीशी मात्रा’ म्हणावी असे ते प्रमाण नव्हे. बेन्झीन थोडे थोडे, रोज, वर्षानुवर्षे घेतले की मारते. अशा धोक्यांसाठी ती तारा फुटलेल्या छातीची आकृती आहे. तिच्याखाली बेन्झीनच्या नावावर नोंदी आहेत त्या अशा: कॅन्सरकारक, पहिली श्रेणी, जनुकांत बिघाड करणारे, दीर्घकाळच्या संपर्काने अवयवांना (इथे रक्ताला) इजा करणारे. उद्गारचिन्ह आहे ते त्वचेच्या आणि डोळ्यांच्या जळजळीसाठी.

त्याच आकृतीत आणखी एक धोका येतो, तो थेट तुमच्या घरातला आहे. पातळ तेलकट द्रव गिळताना किंवा उलटी होताना फुप्फुसात शिरला तर जीवघेणा न्यूमोनिया होतो. रॉकेलही याच वर्गातले. म्हणून मूल रॉकेल प्यायले तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करायला लावू नका. तसेच उचलून दवाखान्यात आणा.

श्रेणींचे आकडे वाचताना मात्र जपून. जीएचएसमध्ये १ म्हणजे सर्वांत वाईट. अग्निशमन दलासाठी बनवलेल्या अमेरिकी चौरंगी चौकोनात उलटे: ४ म्हणजे सर्वांत वाईट, ० म्हणजे काही नाही. त्या चौकोनात बेन्झीनला आगीसाठी ३ आणि आरोग्यासाठी केवळ २ मिळतात, कारण तो चौकोन आग विझवायला आलेल्या माणसाच्या तासाभराचा विचार करतो. कामगाराच्या वीस वर्षांचा विचार त्यात नाही.

काही जण विचारतात, टोल्यूईनचा वासही तसाच, कामही तेच; मग ते कॅन्सरच्या यादीत का नाही? उत्तर यकृतात आहे. टोल्यूईनला एक छोटी शेपटी असते. यकृत ती शेपटी पकडून त्याचे निरुपद्रवी आम्ल करते आणि ते लघवीवाटे निघून जाते. बेन्झीनला पकडायला शेपटीच नाही. यकृताला त्याचे कडेच मोडावे लागते, आणि त्यातून तयार होणारे पदार्थ अस्थिमज्जेत जाऊन तिथल्या पेशींच्या मुळावर उठतात. म्हणजे वासावरून आणि दिसण्यावरून धोका ओळखता येत नाही. टोल्यूईन मेंदूला आणि नसांना त्रास देते, ती गोष्ट निराळी.

१ पीपीएमवर तरी ही कहाणी थांबली का? २००४ साली चीनमधल्या त्यांजिन इथल्या २५० जोडे कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ पीपीएमपेक्षा कमी हवेत काम करणाऱ्यांच्याही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी आढळल्या.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये बेन्झीनला आता १ टक्क्याची मर्यादा आहे, आणि बाहेरच्या हवेसाठी २००९ पासून घनमीटरला वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमची. टाकी भरताना दोन मिनिटे आलेल्या वासाने घाबरून जाऊ नका. जो मुलगा दिवसभर नळी धरून उभा असतो, त्याचा प्रश्न वेगळा आहे. पेट्रोलने हात धुणारे गॅरेजवाले, रंग-सोल्यूशनवर बंद खोलीत काम करणारे यांचाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या तिसऱ्या अनुसूचीत बेन्झीनची विषबाधा होती; कारखान्यातल्या कामगाराला ती झाल्याचे दिसले, तर कलम ८९ प्रमाणे मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणे उपचार करणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक होते. पण डॉक्टरला ती ‘दिसायला’ हवी. सीबीसीत पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स थोड्या कमी आल्या, की व्हायरल ताप म्हणून सोडून देणे फार सोपे असते.

तुम्ही असे काम करत असाल, तर प्रत्येक रसायनासोबत मिळणारे सुरक्षा माहितीपत्रक मालकाकडे मागा. त्याचे सोळा भाग असतात. दुसऱ्या भागात धोक्यांचे वर्गीकरण असते, आठव्यात हवेतली मर्यादा, अकराव्यात शरीरावरचे परिणाम. इंग्रजी वाचता आले नाही तरी चालेल. मोबाइलवर फोटो काढा आणि पुढच्या खेपेला जुन्या-नव्या सीबीसीच्या कागदांसोबत डॉक्टरांना तोही दाखवा.