पुंज गुंफण आणि सुरक्षित संदेशवहन

पुंज गुंफण किंवा क्वांटम एन्टँगलमेंट ही पुंजयामिकीतील अशी स्थिती आहे, जिच्यात दोन किंवा अधिक कणांचे वर्णन एकत्रितपणेच करता येते; त्यांतील एकट्या कणाला स्वतःची निश्चित अवस्था नसते. असे दोन फोटॉन दूर नेले, तरी त्यांच्या ध्रुवणाच्या मापनातून मिळणारी उत्तरे परस्परांशी जुळतात. आल्बर्ट आइन्स्टाइन, बोरिस पोदोल्स्की आणि नेथन रोझेन यांनी १९३५ मध्ये अशाच जुळणीचा आधार घेऊन पुंजयामिकी अपूर्ण असल्याचा आक्षेप मांडला. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये हा वाद प्रयोगाने तपासण्याजोगा केला. अशा प्रयोगांसाठी आलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि आन्टोन त्साइलिंगर यांना २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या जुळणीतून प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता येतो, ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक टोकाला येणारे उत्तर यादृच्छिक असते. जुळणी झाली आहे हेदेखील दोन्ही टोकांच्या नोंदी साध्या मार्गाने ताडून पाहिल्यावरच कळते. संदेशवहनातील गुंफणीचा मुख्य उपयोग वेगळा आहे. तिच्यामुळे दोन ठिकाणी एकच गुप्त किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने सांकेतिक केलेला संदेश नेहमीच्या इंटरनेटवरूनच जातो.

किल्लीची निर्मिती

पुंज किल्ली-वाटपाची पहिली पद्धत चार्ल्स बेनेट आणि जील ब्रासार यांनी डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथील परिषदेत मांडली. ‘बीबी८४’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला गुंफण लागत नाही, एकेकटे फोटॉन पुरतात. गुंफणीवर आधारलेली पद्धत आर्टुर एकर्ट यांनी १९९१ मध्ये सुचवली. तिच्यात जोडीतील एकेक फोटॉन दोन्ही टोकांना जातो. दोघेही मापनाची दिशा स्वतंत्रपणे निवडतात आणि नंतर फक्त दिशा जाहीर करतात, उत्तरे नव्हेत. दिशा जुळल्या तेथील उत्तरांची किल्ली होते; उरलेल्या उत्तरांवर बेल यांची कसोटी लावली जाते. या कसोटीचे मूल्य गुंफण नसल्यास २ च्या वर जात नाही, गुंफण असल्यास ते सुमारे २.८३ पर्यंत पोहोचते. वाटेत कोणी फोटॉन मोजला, तर गुंफण तुटते आणि मूल्य घसरते. अज्ञात पुंज अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालेले असल्याने नक्कल ठेवून मूळ फोटॉन पुढे सोडण्याची वाटही बंद असते. थोडक्यात, ही पद्धत चोरी थांबवत नाही, ती उघडकीस आणते.

भारतातील प्रयोग

अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्र आणि भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांनी जानेवारी २०२२ मध्ये ३०० मीटर मोकळ्या हवेतून गुंफणीवर आधारित किल्ली-वाटप करून दाखवले. जून २०२५ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संस्था आणि आयआयटी दिल्ली यांनी हे अंतर १ किलोमीटरच्या पुढे नेल्याचे जाहीर केले. त्यात किल्लीचा वेग सेकंदाला सुमारे २४० बिट आणि त्रुटी ७ टक्क्यांहून कमी होती. अशा पद्धतींत साधारणतः ११ टक्क्यांपर्यंतची त्रुटी चालते. संदेशाच्या प्रत्येक बिटासाठी किल्लीचा नवा बिट वापरायचा ठरवला, तर या वेगाने सेकंदाला देवनागरीची जेमतेम १० चिन्हे पाठवता येतील, कारण संगणकात त्यांतील प्रत्येक चिन्ह बहुधा २४ बिट घेते.

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. २,००० किलोमीटर अंतरावर उपग्रहाद्वारे सुरक्षित संदेशवहन हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या आयसर संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे, तर अभियानातील संवेदन व मापन विषयाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे.

मर्यादा

मुख्य अडचण अंतराची आहे. चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्येही प्रकाशाची हानी किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल असते. वसई ते चर्चगेट एवढ्या, म्हणजे सुमारे ५० किलोमीटरच्या तारेतून दहांपैकी एकच फोटॉन पोहोचेल. १५० किलोमीटरवर हजारांत एक. प्रत काढता येत नसल्यामुळे नेहमीचे प्रवर्धक येथे निरुपयोगी ठरतात. म्हणून उपग्रहाचा पर्याय पुढे आला. चीनच्या ‘मोत्झु’ उपग्रहाने २०१७ मध्ये १,२०० किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रांना गुंफलेले फोटॉन पुरवले.

जाहिरातींतील ‘अभेद्य’ हा शब्द भौतिकशास्त्राच्या नियमाला लागू पडतो, पेटीतील उपकरणाला नाही. २०१० मध्ये संशोधकांनी प्रखर प्रकाशाने शोधक आंधळे करून बाजारातील यंत्रणांची किल्ली सुगावा न लागता मिळवली होती. शिवाय पलीकडची व्यक्ती खरी आहे याची खात्री ही पद्धत स्वतः देत नाही. तिची सोय आधीच करावी लागते. या कारणांमुळे अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था अशा यंत्रणांऐवजी क्वांटम संगणकालाही न सुटणाऱ्या मानल्या जाणाऱ्या गणिती कूटपद्धतींना पसंती देते. त्यांची पहिली मानके अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.