सव्वा महिना कुणाचा?

पहिलं बाळंतपण माहेरी. हा नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, तरी सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी निघते. मूल झाल्यावर सव्वा महिना तिची खोली वेगळी. खाटेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा, कानांवर घट्ट बांधलेला रुमाल, सकाळी डिंकाचा लाडू नाहीतर अळिवाची खीर, आणि बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई. रूढी, कुटुंब आणि माणसाचं स्वास्थ्य या विषयाकडे वळणाऱ्या अभ्यासकांना मी याच खोलीतून आत यायला सांगते.

कारण रूढी प्रत्यक्षात काय करते ते इथे दिसतं. ती काम आणि विश्रांती यांची वाटणी करते. बाळंतिणीला चूल-पाणी करावं लागत नाही, पण ते तिच्या थकल्या अंगाची कणव येऊन ठरलेलं नव्हे. सोयर असतं, विटाळ असतो, म्हणून तिला स्वयंपाकघरापासून दूर ठेवलेलं असतं. अपवित्र मानल्यामुळे मिळालेली ही विश्रांती! ती खरीच असते, शरीराला हवीच असते, आणि तिची किंमत बाळंतिणीची आई मोजते. रात्री बाळ रडलं की आजी उठते. बाप बारशाला पाहुण्यासारखा येतो. नुसतं 'चांगली प्रथा' किंवा 'जुनाट प्रथा' असा शिक्का मारून हे कळणार नाही.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. पुढे १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ लिहिला आणि नात्यांचे शब्द हाच पुरावा मानला. आपल्याकडे सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत असे. मामेबहिणीशी लग्न चालणाऱ्या समाजाची ती भाषा आहे. ओळखीच्या घरात पडलेली मुलगी आणि दूरच्या परक्या गावी दिलेली मुलगी यांचं आयुष्य सारखं नसतं. हा फरक कर्व्यांनी उत्तर आणि दक्षिण भारताची तुलना करून मांडला. नव्या अभ्यासकाने सुरुवात त्यांच्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

मनाच्या स्वास्थ्याकडे मात्र आपण उशिरा पाहिलं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या सुमारे २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. ज्या गोष्टींनी धोका वाढत होता त्यांत गरिबी होती, नवऱ्याचा हिंसाचार होता, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणंही होतं. सहावा आठवडा म्हणजे सव्वा महिना नुकताच सरलेला असतो. खोलीबाहेरचं जग पुन्हा सुरू होतं. मुलगी झाल्याचं दुःख हे त्या आईचं एकटीचं दुःख नाही, ते अख्ख्या घराने तिच्या पदरात टाकलेलं असतं. सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाने वाढलेल्या दोनशेहून अधिक मुलींना २०११ साली समारंभ करून नवी नावं दिली गेली. घराची निराशा त्या मुली शाळेच्या हजेरीपटापर्यंत नावात वागवत आल्या होत्या.

आणि ज्यांच्या वाट्याला सव्वा महिना आलाच नाही, त्यांचं काय? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' होतो. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला. म्हणून लग्नं लवकर उरकली जातात, पोटुशी बाई मोळ्या वाहते, बाळ कोपीत किंवा फडाच्या कडेला झोळीत असतं. मातृत्व रजेचा २६ आठवड्यांचा कायदा २०१७ साली झाला, पण उसाच्या फडात त्याचा उपयोग होत नाही. इथे कुटुंबाचा आकार रूढीइतकाच मजुरीच्या हिशोबाने ठरतो. ही बाजू सोडून केलेला अभ्यास अर्धवट राहील.

आज लेक परदेशात असली की आईच डिंकाचे लाडू बांधून विमानाने तिच्याकडे जाते. मुक्कामाची परवानगी सहसा सहा महिन्यांची. जागा बदलली, आईचं काम तेच राहिलं. बाप रात्री उठू लागला आहे अशी घरंही आता दिसतात, आणि त्यांची नोंद कुणीतरी काळजीने करायला हवी.

या विषयात तुमचं मनापासून स्वागत आहे. पुस्तकं उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या घरात शेवटचं बाळंतपण झालं तेव्हा रात्री कोण उठत होतं, हे विचारा. जिला विचाराल, तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.