एकट्याने जाण्याची गोष्ट

"आमच्या वेळी असं नव्हतं हो!" गणपतीची आरती झाली, प्रसादाच्या प्लेट्स हातात आल्या, की आपल्याकडच्या गप्पा हमखास या वाक्यापाशी येऊन पोचतात. मग कोणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकल्याचं सांगतं, कोणी सातव्या वर्षी कंडक्टरच्या भरवशावर एस.टी.तून आजोळी गेल्याचं, तर कोणी सुट्टीत सकाळी घराबाहेर पडून थेट दिवेलागणीला परतल्याचं. शेवटी सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात आयपॅड घेऊन बसलेल्या आपापल्या मुलांकडे वळतात, एक सामुदायिक सुस्कारा निघतो आणि मंडळी दुसऱ्यांदा मसालेभात वाढून घ्यायला उठतात.

मीही या गप्पांत हिरिरीने भाग घेते. मी मूळची सातारची. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथे वाढले, पाचवीपासून सायकलवर शाळेत गेले. तेव्हा सांगण्यासारखं माझ्याकडेही बरंच आहे. पण मंडळी, या विषयाला आता टेक्सासमध्ये चक्क कायद्याचा आधार मिळाला आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. २०२१ साली टेक्सासच्या विधिमंडळाने एचबी ५६७ हा कायदा संमत केला आणि तो त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाला. मुलांची हेळसांड कशाला म्हणायचं याची व्याख्या त्यात बदलली. मुलाची समज, शरीराची कुवत, वाढीचा टप्पा किंवा त्याची संस्कृती यांना धरून जे योग्य आणि नेहमीचं आहे, ते त्याला एकट्याने करू दिलं, तर ती हेळसांड नव्हे. असा पहिला कायदा युटा राज्याने २०१८ मध्ये केला होता.

संगणकाच्या धंद्यात एक सवय लागते. समोरच्या कागदात एखादा शब्द मोघम दिसला की बोट तिथेच अडतं. माझं बोट 'संस्कृती' या शब्दावर अडलं. उद्या कोणी विचारलंच, की तुमच्या मराठी संस्कृतीत मुलांना एकट्याने काय काय करू देत असत, तर काय सांगायचं? विहीर आणि एस.टी.? इतिहास जरा मागे जाऊन पाहायचा ठरवला, तर दोन प्रवास सापडले. योगायोग असा, की दोन्ही आमच्या सातारशी जोडलेले आहेत.

पहिला प्रवास धोंडो केशव कर्व्यांचा. अजून ते महर्षी व्हायचे होते. दापोलीजवळच्या मुरूडचा हा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा १८७५ च्या सुमारास सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. ती परीक्षा म्हणजे नोकरीचा दरवाजा. गाडीरस्त्याने जाण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो आणि त्याचे सोबती पायी निघाले. पावसापाण्यातून सह्याद्री चढून जवळजवळ एकशे दहा मैलांचं अंतर त्यांनी चार दिवसांत कापलं. फ्रिस्कोहून निघून जवळजवळ वेकोपर्यंत चालत जाण्यासारखं आहे हे! आणि एवढं करून परीक्षा घेणाऱ्यांनी काय म्हणावं? मुलगा वयाने लहान दिसतो, परीक्षेला बसता येणार नाही. अंगकाठी लहान, त्यामुळे दिलेला वयाचा दाखलाही कोणी मानला नाही. मुलगा तसाच परत फिरला, पुढे कोल्हापूरहून ती परीक्षा पास झाला, आणि नंतर एकशे चार वर्षं जगला. कर्व्यांनी आत्मचरित्रात हे सगळं जराही आव न आणता सांगितलं आहे.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. 'बघा, तेव्हाची मुलं कशी होती' एवढंच तिचं तात्पर्य आम्हाला सांगितलं जाई. आता आई झाल्यावर मला दुसरंच काही दिसतं. कर्व्यांच्या आईवडिलांनी मुलाला स्वातंत्र्य द्यायचं ठरवलं होतं असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. शिकायचं तर घर सोडायचं, घर सोडायचं तर चालायचं. मात्र चालणाऱ्या या मुलांसाठी वाटेवर एक व्यवस्था उभी होती. ओळखीचं गाव, नात्यातलं नातं, एखादं देऊळ, कोणाची तरी पडवी. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला परगावी माधुकरी मागता येई, सात घरी वार लावून जेवता येई. म्हणजे मुलगा एकटा दिसला तरी एकटा नसे. दार ठोठावलं की आडनाव विचारलं जाई आणि आडनाव ऐकल्यावर पान मांडलं जाई.

आणि आडनाव ऐकल्यावर दार बंद झालं तर?

दुसरा प्रवास याच साताऱ्याहून, पंचवीस-सव्वीस वर्षांनी सुरू होतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढच्या वर्षी, १९०१ च्या सुट्टीत, नऊ वर्षांचा भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला निघाली. आई गेलेली, वडील कोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तिथे तलाव खोदत होते. मुलांसाठी नवे सदरे शिवले, चकचकीत टोप्या घेतल्या, रेशीमकाठी धोतरं घेतली. आयुष्यातला पहिलाच आगगाडीचा प्रवास, आणि तोही मोठ्या माणसाशिवाय! आपल्या गप्पांत शोभावा असाच हा किस्सा सुरू होतो.

मसूर स्टेशनवर मुलं उतरली. न्यायला कोणीच आलेलं नव्हतं, कारण मुलं येताहेत हे पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करत होते. मुलांनी जात सांगितली आणि त्यांचा चेहरा बदलला. बैलगाड्या समोर उभ्या होत्या, पण बाटेल म्हणून कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं या अटीवर. डब्यात जेवण होतं, पण वाटेवर कोणी पाणी देईना. जकातनाक्यावर आपण मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. रात्र तिथेच, तहानलेली काढून मुलं दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास कोरेगावला पोचली. बाबासाहेबांनी हे पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहिलं. मूळ लेखन इंग्रजीत आहे, आणि पुस्तकरूपाने ते त्यांच्या निधनानंतर, १९९० मध्ये आलं. घरात शाळकरी मुलं असतील तर जरूर वाचायला द्या, जेमतेम काही पानांचं आहे.

कर्व्यांचा मुलूख, बाबासाहेबांचा मुलूख, माझा मुलूख एकच. कायद्यातला तो 'संस्कृती' शब्द या दोन्ही प्रवासांना लागू पडतो, आणि म्हणून 'आमच्या वेळी मुलं कशी मोकळी असायची' हे वाक्य आता माझ्या तोंडून पूर्वीसारखं सहज निघत नाही. कुठली मुलं, हा प्रश्न मध्ये येतो.

मुलींचं तर विचारूच नका. 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळकांचं लग्न अकराव्या वर्षी झालं, आणि वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी त्याआधीचं बालपणही धाकातच गेलं. लग्नाच्या वयाचा शारदा कायदा १९२९ चा. त्यानेही मुलींसाठी वय ठरवलं ते चौदाच. ज्या वयात आपल्या मुली इथे मिडल स्कूलमध्ये जातात, त्या वयात आपल्या खापरपणज्यांचं बालपण उरकलेलं असे. बाहेर मोकळेपणाने चालणं ही तर लढून मिळवायची गोष्ट होती. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाई फुल्यांच्या अंगावर शेण आणि दगड येत, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं ठेवत, हे आपण सगळेच शिकलो. त्यांना जायचं होतं ते काही घाट ओलांडून नव्हे, शहरातल्याच दोन गल्ल्यांमधून. आणि डॉक्टर होण्यासाठी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला नवऱ्याशिवाय आल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आपण सगळे व्हिसा, नोकरी आणि प्रेशर कुकर घेऊन आलो, म्हणून ही आठवण!

आमच्याच घरातलं सांगते. माझे वडील, अण्णा, आणि त्यांची वर्षाने मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, एकाच घरात वाढले. अण्णा फुटक्या तलावात पोहले, संगम माहुलीला कृष्णेत डुंबले, अजिंक्यतारा तर महिन्यातून दोनदा चढत. आत्याला घराच्या खिडकीतून तोच अजिंक्यतारा रोज दिसे. ती पहिल्यांदा वर गेली लग्नानंतर, नवऱ्याबरोबर. अण्णांच्या गोष्टी आम्ही दर दिवाळीला ऐकल्या. आत्या शेजारीच बसून करंज्यांच्या कडा मुरडत असे आणि काहीच सांगत नसे. तिच्याकडे सांगायला काही नाही असंच आम्हाला वाटे.

तेव्हाच्या आईबापांच्या धीराचंही फार कौतुक होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दर हजारी दीडशेच्या वर बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. आज तो आकडा पंचविसाच्या आसपास आला आहे. पाच-सहा भावंडांत एखादं जाणारच, हे गृहीत धरलेल्या काळातला तो धीर होता. आपल्याला तो नको आहे.

बरं, इथली गोष्ट तरी काय निराळी? अमेरिकेत १९६९ मध्ये पाच ते चौदा वर्षांची अठ्ठेचाळीस टक्के मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जात. २००९ मध्ये उरली तेरा टक्के. याचं कारण कोणालाही विचारा, उत्तर एकच: मुलं पळवतात. ही भीती आपल्या दारातली आहे. १३ जानेवारी १९९६ रोजी इथून तासाभराच्या अंतरावर, आर्लिंग्टनमध्ये, नऊ वर्षांच्या अँबर हॅगरमनला ती सायकल चालवत असताना पळवलं आणि मारलं. आपल्या फोनवर जो अँबर अलर्ट कर्कश वाजतो, त्याला तिचं नाव आहे आणि तो सुरू झाला तो आपल्याच डॅलस-फोर्ट वर्थमध्ये. त्या भीतीला मी हसणार नाही. पण अनोळखी माणसाने पळवून नेण्याच्या घटना फार विरळा असतात, आणि मुलांच्या जिवाला रोजचा धोका मोटारीचा असतो, हेही तितकंच खरं आहे. तो धोका आपण स्वतःच चालवत शाळेच्या रांगेत उभे असतो.

फ्रिस्कोच पाहा ना. गाव वसलं १९०२ मध्ये, रेल्वेसाठी. प्रेस्टन रोड तर त्याहून जुना, गुरांचे तांडे उत्तरेला हाकत नेण्याची ती वाट. १९९० मध्ये इथली लोकवस्ती होती सहा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं खेडं! २००० मध्ये ३३,७१४ आणि २०२० च्या जनगणनेत २,००,५०९. पूर्वी इथली मुलं सायकलवर गावभर फिरत असणार, असं वाटतं खरं. पण हा सगळा कपाशीचा मुलूख. बालमजुरीविरुद्ध लढणारा छायाचित्रकार लुईस हाइन १९१३ मध्ये टेक्सासमध्ये फिरला, तेव्हा त्याने पाच-सहा वर्षांच्या मुलांना खांद्याला पिशवी अडकवून कापूस वेचताना टिपलं. त्या मुलांवरही दिवसभर कोणाचं लक्ष नसे, वजनकाट्याचं सोडून.

आता सहापदरी रस्ते, ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांनी जाणाऱ्या गाड्या, घरांभोवती सहा फुटी लाकडी कुंपणं. १९६१ मध्ये जेन जेकब्ज या बाईंनी शहरांवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्यावरचे डोळे. ज्याने चाळीचा सज्जा किंवा वाड्याचा ओटा पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या सायकलवर सातारभर डोळे होते. मी कुठल्या कोपऱ्यावर कोणाशी बोलत उभी होते, हे मी घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असे. तेव्हा त्या डोळ्यांचा रागच येई. आमच्या इथल्या रस्त्यावर दुपारी चार वाजता डोळे आहेत ते फक्त डोअरबेलच्या कॅमेऱ्यांचे. तेही पार्सलवर रोखलेले.

आणि जिथे परत जावं असं वाटतं, तिथेही आता ते उरलेलं नाही. साताऱ्याला माझी भाची व्हॅनने शाळेत जाते. घर आणि शाळा यांत जेमतेम एक किलोमीटर. तिची आई म्हणते, "ट्रॅफिक बघितलंस का?" बघितलं आहे. तिचं खोटं नाही.

हे सगळं वाचायला मला मुळात लावलं ते माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने. तिला एकटीने सायकलवर लायब्ररीत जायचं आहे. अंतर अडीच मैल, वाटेत तीन मोठे सिग्नल. मला आधी कायदा आठवला, मग अँबर, मग कर्वे, आणि उत्तर काही सुचेना. दोन शनिवार मी तिच्या मागे माझी सायकल काढून गेले. फुटपाथ कुठे संपतो, उजवीकडे वळणारे ड्रायव्हर कुठे मान वळवून बघत नाहीत, हे दोघींनी मिळून पाहिलं. एका चौकात ती आता न सांगता उतरून सायकल हातात धरते.

गेल्या रविवारी साताऱ्याला व्हिडिओ कॉल केला तेव्हा हे सांगितलं. मला वाटलं, अण्णा खूश होतील. कृष्णेत डुंबणारा माणूस! अण्णा म्हणाले, "एकटी? कशाला? तू गाडीने सोड की." मागे आत्या बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, आता ऐकूही कमी येतं. तिने अण्णांच्या हातातून फोन घेतला आणि स्क्रीन अगदी नाकाला लावून विचारलं, "परत यायला अंधार होतो का गं?"

नाही, म्हटलं. इथे उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो.

"मग जाऊ दे," आत्या म्हणाली. "आणि तिला म्हणावं, आल्यावर मला फोन कर. काय काय दिसलं ते सांग."