पाण्याखालचा उंबरठा

सुट्टीसाठी बोट भाड्याने घेतली तेव्हा आम्हां चौघांना जेमतेम अर्धा तास शिकवलं गेलं. त्यात एक वाक्य तीनदा आलं : उतरताना पांढऱ्या रेषेच्या पुढे राहा. तीनदा का, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

जागा होती दक्षिण इंग्लंडमधलं डिव्हायझेस, केनेट अँड एव्हन कालवा. जॉन रेनी या इंजिनिअरने आखलेला हा कालवा 1810 मध्ये पूर्ण खुला झाला. इथल्या केन हिलवर दोन मैलांत 29 लॉक आहेत, त्यांतली 16 एका सरळ रांगेत. एकूण उतार 237 फूट. म्हणजे पाण्याचा जिनाच.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. उतरताना भरलेल्या हौदात बोट आणायची, मागचे दरवाजे लावायचे आणि पुढच्या झडपा किल्लीने हळूहळू उघडायच्या. पाणी खाली जातं, तशी बोटही.

ही युक्ती नुकसानीतून जन्मली. चीनमध्ये धान्याच्या बोटी उतरणीवरून ओढून पलीकडे नेत. त्यात बोटी फुटायच्या आणि धान्य चोरीला जायचं. म्हणून 984 मध्ये छ्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने दोन दरवाज्यांमध्ये पाणी कोंडलं. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये लिओनार्दोने टोकदार जोडदरवाजे रेखाटले. त्यांचं टोक वरच्या पाण्याकडे असतं, त्यामुळे पाणीच ते घट्ट दाबून धरतं. पातळीत 10 सेंटिमीटर फरक उरला, तरी केन हिलसारख्या रुंद लॉकच्या खालच्या दरवाज्यांवर अर्ध्या टनाहून जास्त दाब असतो. चुकीच्या वेळी दरवाजा उघडायचा म्हटलं, तरी उघडत नाही. कोडमध्ये असा बंदोबस्त करायला आम्हांला किती टेस्ट लिहाव्या लागतात!

पण एक चूक ही रचना रोखत नाही. वरच्या दरवाज्यांखाली दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. बोट मागे सरकलेली असेल, तर पाणी उतरताना मागचं टोक त्यावर अडकतं, पुढचं खाली जात राहतं आणि बोट बुडू शकते. पांढरी रेषा हा उंबरठा कुठवर आहे ते सांगते.

चौथ्या लॉकमध्ये सुकाणूवर मी होतो. एका हातात फोन, समोर सुंदर दृश्य. खालून खरखर आवाज आला आणि काठावरची मैत्रीण ओरडली, "झडपा बंद कर!" पुढच्या झडपा पडल्या, पाणी थांबलं. मग मागच्या झडपा अगदी सावकाश उघडून हौद पुन्हा भरला. बोट तरंगली. काही मिनिटं कुणीच बोललं नाही.

इंग्लंडच्या कालव्यांवर मालाच्या बोटींवर कुटुंबंच्या कुटुंबं राहायची. तिथली मुलं लॉक हाताळतच मोठी व्हायची. रेल्वे आली आणि हा धंदा आटत गेला. हा कालवा तर 1852 मध्ये रेल्वे कंपनीनेच विकत घेतला. पुढे तो मोडकळीला आला. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केल्यावर 1990 मध्ये पुन्हा खुला झाला, तो आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी. त्या मुलांना जे अंगवळणी होतं, ते आम्हांला अर्ध्या तासात आणि एका रेषेत मिळालं होतं.

उरलेल्या 25 लॉकमध्ये एकाला एकच काम दिलं : रेषेकडे बघत राहायचं. फोन माझ्या खिशात होता.