उंबरठ्याबाहेरचे भजन

भजन देवळाच्या सभामंडपाबाहेर गेले, म्हणजे त्याचे भजनपण उरते काय, असा प्रश्न आपल्या मंडळींत वारंवार निघतो. त्याचा निवाडा करताना एका परदेशी ध्वनिमुद्रिकेची साक्ष घ्यावी, असे आम्हांस वाटते.

२५ एप्रिल १९७७ रोजी डेन्मार्कच्या कोपनहेगन नगरीत आर्ची शेप या सॅक्सोफोनवादकाने आणि होरेस पार्लन या पियानोवादकाने ‘गोइंग होम’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. दोघेही अमेरिकेतील कृष्णवर्णीय. जाझ संगीतात ताल धरणारे ड्रम आणि खर्ज सांभाळणारे तंतुवाद्य प्रायः असतेच; येथे दोन्ही नाहीत. शब्दही नाहीत. वाजविली आहेत ती गुलाम पूर्वजांची भक्तिगीते, ज्यांस तिकडे ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात.

या गीतांच्या मागची हकीकत कायद्याच्या पुस्तकांतही नमूद आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १८३० साली गुलामास लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला. ज्यांच्या हाती पोथी पडू द्यावयाची नाही असे सत्तेने ठरविले, त्यांनी ती कंठात साठविली. मोझेसने आपल्या लोकांस मिसरच्या राजाच्या दास्यातून सोडविले, ही बायबलातील कथा त्यांस स्वतःचीच वाटली. ‘गो डाउन मोझेस’ हे गीत म्हणूनच एकाच वेळी प्रार्थनाही आहे आणि फिर्यादही.

१८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये नॅशव्हिल येथे फिस्क ही संस्था निघाली. ती कर्जात बुडू लागली, तेव्हा १८७१ मध्ये तिचे विद्यार्थी हीच गीते गात गावोगाव फिरले. मिळालेल्या द्रव्यातून ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत उभी राहिली. प्रार्थनेतून सभागृहात गेलेल्या गीताने काय गमावले, याचा हिशेब करताना त्याने एक विद्यालय वाचविले, हेही जमेस धरावे लागेल.

ध्वनिमुद्रिकेस ज्या गीताचे नाव दिले, त्याचे कुळ तर अधिकच विलक्षण. त्याची चाल बोहेमियाच्या द्वोर्झाकची. १८९३ च्या त्याच्या सिंफनीतील. न्यूयॉर्कमध्ये असताना हॅरी बर्ले या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या तोंडून त्याने ही भक्तिगीते ऐकली होती. पुढे १९२२ मध्ये फिशर या त्याच्या शिष्याने त्या चालीवर शब्द बसविले, आणि लोक ते जुनेच भक्तिगीत समजू लागले. दस्तऐवज पाहता ते तसे नव्हे. पण वहिवाटीने त्याचा हक्क आता सिद्ध झाला आहे.

आर्ची शेप हा बंडखोर वादक म्हणून गाजलेला. १९६५ च्या ‘फायर म्युझिक’ या ध्वनिमुद्रिकेत त्याने त्याच वर्षी मारल्या गेलेल्या माल्कम एक्सचा शोक केला होता. असा मनुष्य साध्या भजनाच्या चालीकडे कसा वळला, असे कोणी विचारील. आमच्या मते त्यात विसंगती नाही. बंड मुळात त्या भजनांतच होते. पार्लनला बालपणी पोलिओ झाला होता व त्याच्या उजव्या हाताची काही बोटे अधू राहिली. त्याने डाव्या हातावर अधिक भार टाकून स्वतःची शैली घडविली. या ध्वनिमुद्रिकेत तो स्वरांची दाटी करीत नाही. भजनात मागे धरणाऱ्या साथीदाराप्रमाणे शेपच्या स्वराखाली शांतपणे उभा राहतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. चोखोबांस पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांचे अभंग उंबरठ्याबाहेर जन्मले आणि आज ते आपण आत बसून गातो. तेव्हा भजन बाहेर गेल्याने बाटते काय, हे विचारण्यापूर्वी, ज्यांनी ते रचले त्यांस बाहेर कोणी ठेवले होते, हे आपण स्वतःस विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र वाद्यांकडून मिळणार नाही; ते आपणच दिले पाहिजे.