रूळ ट्रामचे, रस्ता सगळ्यांचा

सातारा-सांगलीत ट्राम कधी धावली नाही. तरी मुंबईला नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या माणसांच्या तोंडी 'दादर टीटी' अजून आहे. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली, पत्ता मात्र तिच्याच नावाने सांगतात.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी, असे दोन मार्ग. भाडं तीन आणे. दोन्ही मार्ग येऊन मिळाले ते मुसलमान वस्तीच्या तोंडाशी. ७ मे १९०७ पासून ती विजेवर चालू लागली.

जुन्या नकाशांत ट्रामचा मार्ग म्हणजे एक रेघ. ट्राम कुठे जाते ते ती रेघ सांगते. त्याच रुळांवर आणखी कोण कोण जाऊ शकतं, ते सांगत नाही. इतिहास वाचताना मला नेमकं तेच हवं असतं. रूळ रस्त्याच्या पातळीत बसवलेले, म्हणजे भेंडीबाजारात त्यांच्यावर बैलगाडी, व्हिक्टोरिया, हातगाडी आणि जुम्म्याच्या नमाजनंतर बाहेर पडलेली माणसं, सगळेच. बैलगाडीला बाजूला होता येतं, ट्रामला येत नाही. पुढची हातगाडी जितकी सावकाश, तितकीच ट्राम.

आणि ती हातगाडी ओढणारा पुष्कळदा आपल्याच मुलखाचा. पाटण, जावळीकडून आलेल्या कितीतरी माणसांनी मुंबईत ओझी वाहिली. मोटारी वाढल्या तशी अडवणुकीची तक्रार दोघांच्याही माथी आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. माथाडी कायदा आला १९६९ मध्ये.

ट्राम संथ होती म्हणून गेली, असं सर्रास लिहितात. मला ते अर्धवट वाटतं. कुठल्याही गाडीला पुढच्या गर्दीत अडकवून ठेवलं तर ती संथच दिसणार.

कलकत्त्याकडे पाहा. खानापूर, आटपाडी, माण, खटावचे गलाई व्यावसायिक देशभर पसरलेत, तिथेही पोचलेत. त्या शहरात काही रुंद रस्त्यांवर रूळ मधल्या गवताच्या पट्ट्यात होते, मोटारींना तिथे मज्जाव. पुढे बऱ्याच ठिकाणी तो पट्टा काँक्रीटचा झाला आणि मोटारी वर चढल्या. नाखुदा मशिदीजवळच्या रवींद्र सरणीसारख्या अरुंद रस्त्यावर तर वेगळा पट्टा शक्यच नव्हता. शहरातल्या काही रस्त्यांवर मोटारींना एकेरी वाहतूक आणि ट्राम मात्र दोन्ही दिशांनी, अशी व्यवस्था होती. अशा रस्त्याचा नकाशा काढायचा तर मोटारीचा बाण वेगळा आणि ट्रामचे दोन बाण वेगळे दाखवावे लागतात. एका बाणावर भागवलं, की ट्रामच उलटी चालतेय असं वाचणाऱ्याला वाटतं. मग हटवायची कोणाला, हे ठरवायला वेळ लागत नाही.

मुंबईत काही ठिकाणी रूळ उखडलेही नाहीत, वर डांबर ओतलं गेलं. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम झालं, तेव्हा ते खालून निघाले.