नापसंत गावांची यादी कोण करतो? (धागा)

१/ ४ मे २०१७ रोजी केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने देशातील ४३४ शहरांची स्वच्छतेनुसार क्रमवारी जाहीर केली. पहिले इंदूर, शेवटचे उत्तर प्रदेशातील गोंडा. शेवटून दुसरे, म्हणजे ४३३व्या स्थानी, आपले भुसावळ. त्या दिवसापासून 'देशातील दुसरे सर्वांत अस्वच्छ शहर' हे बिरुद या गावाच्या नावाला चिकटले.

२/ राहण्यास कोणते गाव वाईट, हा प्रश्न चावडीवरच्या गप्पांचा वाटतो. परंतु महाराष्ट्रात जवळपास चारशे वर्षे निरनिराळ्या सत्तांनी त्याचे अधिकृत उत्तर दिले आहे. कधी ते नांगराने दिले, कधी गॅझेटियरने, कधी बदलीच्या आदेशाने. प्रत्येक वेळी यादी बदलली, आणि यादी करणाराही बदलला. आजचा धागा त्याविषयी.

३/ आरंभ एका जुन्या शब्दापासून करू. महसुली दप्तरात 'बेचिराख' गाव म्हणून एक नोंद असते. मूळ फारसी शब्द बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे. गाव कागदावर आहे, शिवार आहे, सीमा आहे, पण संध्याकाळी वात लावणारे कोणी उरलेले नाही. नापसंतीची याहून नेमकी मोजणी मला तरी ठाऊक नाही. लोक निघून गेले, एवढाच तिचा निकष.

४/ गाव बेचिराख होण्याची कारणे ठरलेली होती: दुष्काळ, लष्कराची धामधूम, रोगराई, किंवा वसुलीचा जाच. आणि कधीकधी एखादी सत्ता गाव राहण्यास अयोग्य असल्याचे समारंभपूर्वक जाहीर करी. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ऐकून आजचा पुणेकर किंचित अस्वस्थ होईल.

५/ १६३०च्या सुमारास शहाजीराजांची जहागीर असलेले पुणे आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने जाळले. परंपरा सांगते की त्याने गावावर गाढवांचा नांगर फिरवला, भूमीत लोखंडी पहार ठोकली आणि तीवर फाटकी वहाण टांगली. अर्थ स्पष्ट होता: ही जागा शापित आहे, येथे कोणी वस्ती करू नये. पुण्याला मिळालेला हा पहिला अधिकृत 'दर्जा'.

६/ पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी पुण्यास आले तेव्हा समोर होते ते हेच ओसाड गाव. दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुन्हा वस्ती झाली. सोन्याच्या फाळाच्या नांगराची कथा सर्वांनाच ठाऊक आहे. मला तिच्याहून महत्त्वाची वाटते ती बखरींतील दुसरी, कमी झळाळीची माहिती: लांडगे मारणाऱ्यास बक्षीस दिले गेले आणि नव्याने जमीन कसणाऱ्यास साऱ्यात सवलत मिळाली.

७/ या सवलतीची एक रीतसर व्यवस्थाच होती. तिला कौल म्हणत. ओसाड जागी येऊन राहणाऱ्यास सरकार अभयाचा लेखी कौल देई. सारा पहिल्या वर्षी नाममात्र, पुढे वर्षागणिक थोडा थोडा वाढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण दरास पोहोचे. या चढत्या आकारणीस इस्तावा असे नाव होते. पेशवाईत नव्या पेठा वसवतानाही व्यापाऱ्यांना अशाच सवलती दिल्या जात.

८/ यातील विचार नीट पाहण्यासारखा आहे. जागा जितकी नकोशी, तितकी राहणाऱ्याची किंमत अधिक. गाव वाईट ठरले म्हणून रहिवाशास दूषण लागत नसे; उलट अशा जागी राहण्याचे धाडस करणाऱ्यापुढे सरकारच हात जोडून उभे असे. अर्थात यात परोपकार नव्हता. माणसे नसली तर सारा कोठून येणार? पण हिशेबाची दिशा रहिवाशाच्या बाजूची होती, एवढे खरे.

९/ १८१८ नंतर हा हिशेब फिरला. खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा तो होळकरी धामधूम आणि १८०३-०४च्या दुष्काळाने पोळलेला होता. कित्येक गावे ओस पडली होती. त्यात सातपुड्याच्या पायथ्याचा हिवताप. इंग्रज अधिकाऱ्यांत खानदेशची नेमणूक म्हणजे तापाची नेमणूक अशी ख्याती झाली.

१०/ येथे एक नवा मापक जन्मास आला: बदलीवर येणारा अधिकारी. तो गावचा नव्हता, राहण्यास आला नव्हता, आणि त्याला परत जायचे होते. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर निघाले. त्यातील खानदेशचा खंड १८८०चा. पर्जन्य, तापमान, रोग, बाजार, धर्मशाळा, रस्ते, सगळे त्यात आहे. अभ्यासकाने त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. तरी तो ग्रंथ मुख्यतः नव्याने येणाऱ्या साहेबासाठी आहे, हे वाचताना विसरू नये.

११/ त्याच दृष्टीने चांगल्या जागांचीही यादी झाली. १८२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या छत्रपतींकडून महाबळेश्वर घेतले आणि मोबदल्यात खंडाळा हे गाव दिले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरान चढून गेले. दोन्ही ठिकाणी माणसे पूर्वीही राहत होती. ती ठिकाणे 'आरोग्यदायी' ठरली ती मात्र गोऱ्या शरीराच्या मापाने.

१२/ जाता जाता एक गंमत. त्याच आरोग्यदायी महाबळेश्वरी एक तुरुंगही होता, आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवलेले असत. तेथील बटाटे आणि भाजीपाल्याच्या लागवडीत या कैद्यांचा हात होता. एकाच डोंगरावर एकास हवापालट, दुसऱ्यास बंदिवास.

१३/ आता रत्नागिरी. १८८५ मध्ये ब्रह्मदेश जिंकल्यावर राजा थिबा याला कोठे ठेवावे, हा इंग्रजांपुढे प्रश्न होता. उत्तर निघाले रत्नागिरी. मायदेशापासून शेकडो कोस दूर, रेल्वे नाही, एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात बंद होणारा समुद्र. १८८६ मध्ये राजा, राणी सुपयालत आणि मुली तेथे आल्या. आज पर्यटक पाहतात तो थिबा राजवाडा १९१०चा. राजा १९१६ मध्ये तेथेच वारला.

१४/ पुढे जानेवारी १९२४ मध्ये सावरकरांना कारागृहातून सोडताना सरकारने अट घातली ती रत्नागिरी जिल्ह्यातच राहण्याची. ती १९३७ पर्यंत टिकली. म्हणजे अर्ध्या शतकात दोनदा सरकारने रत्नागिरीचे मूल्यमापन केले, आणि दोन्ही वेळा तिचा गुण एकच ठरला: येथून बाहेर पडणे अवघड आहे.

१५/ आणि हेच ते रत्नागिरी, जिथे १८५६ मध्ये टिळक जन्मले. याच जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना कामगार आणि कचेऱ्यांना कारकून पुरवले. मनीऑर्डरवर घरे चालली. लोक गेले, हे खरे. पण गाव टाकून गेले नाहीत. गणपतीला आणि शिमग्याला परत येत राहिले. बेचिराख आणि अर्धे रिकामे यांत हा फरक आहे, आणि तो कोणत्याही कोष्टकात मावत नाही.

१६/ श्रेष्ठ नगरांचेही काही खरे नसते. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीत प्लेग उद्भवला आणि काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. ज्या कोकणातून ते पोटासाठी आले होते, तिकडेच बहुसंख्य परतले. त्या हिवाळ्यात राहण्यास अयोग्य गाव कोणते, असे विचारले असते तर इलाख्याने राजधानीचेच नाव घेतले असते.

१७/ मात्र या सगळ्या कथेत माझे मन अडकते ते सिरोंच्यापाशी. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळचे हे गाव. १८६० मध्ये इंग्रजांनी 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा निर्माण केला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंच्यास ठेवले. कारण? सर आर्थर कॉटन यांचे स्वप्न. गोदावरीतून बोटी वर आणायच्या आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस जलमार्गाने थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा.

१८/ नदीतील खडकाळ धोंडी आडव्या आल्या. कालवे, बांध, खर्च, आणि मजुरांना ताप. दरम्यान १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली. कापसाला नदीची गरज उरली नाही. जलमार्गाची योजना सोडून देण्यात आली, आणि १८७०च्या दशकात तो जिल्हाही मोडून सिरोंचा चांद्यास जोडले गेले.

१९/ जिल्ह्याचे ठाणे होते ते जिल्ह्याचे शेवटचे टोक झाले. गावाने यात काय बिघडवले? नद्या त्याच, जंगल तेच, माणसे तीच. बदलली ती फक्त नकाशावरील वाट. पुढे सरकारी नोकरांच्या बोलण्यात सिरोंचा, अहेरी, भामरागड ही नावे 'काळ्या पाण्याची बदली' या अर्थाने येऊ लागली. नको असलेल्या माणसास तिकडे धाडावे, आणि त्याने परत येण्याच्या खटपटीत दिवस काढावेत.

२०/ अशा बदलीचा परिणाम रहिवाशांवर काय होतो, हा प्रश्न यादी करणाऱ्यास सुचत नाही. दवाखाना असतो, डॉक्टरचे पद रिक्त असते. शाळा असते, गुरुजी बदलीच्या अर्जावर असतात. गाव वाईट म्हणून माणूस टिकत नाही आणि माणूस टिकत नाही म्हणून गाव वाईट ठरते. १९८२ मध्ये गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला, तरी सिरोंच्यापासून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटरवरच राहिले.

२१/ स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने या विषयास दोन वेगळे शब्द दिले. पहिला, अनुशेष. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे तिने मोजले. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक. अनुशेष म्हणजे राहिलेले देणे. येथे मागास गाव हे धनको ठरते आणि राज्य ऋणको.

२२/ दुसरा शब्द, अवघड. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी गावांची 'सर्वसाधारण' आणि 'अवघड' अशी वर्गवारी केली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकास बदलीचा अधिकार, तर सोप्या जागी दहा वर्षे झालेला बदलीस पात्र. शिक्षकांच्या दृष्टीने हे न्याय्यच होते; वशिल्यावर चालणाऱ्या बदल्यांना त्याने आळा बसला. पण आपले गाव 'अवघड' यादीत आहे, हे तेथील पोरांनी वाचले तर काय समजावे?

२३/ कौलाची जुनी पद्धत आजही कोठे दिसते का? थोडी दिसते. नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा निर्णय २००२ चा. मात्र फरक पाहा. कौल मिळे तो वस्ती करणाऱ्या रयतेला. येथे लाभ मिळतो तो काही वर्षांसाठी आलेल्या नोकराला. कायम राहणाऱ्यास नकोशा जागी राहण्याचा भत्ता नाही.

२४/ आता पुन्हा भुसावळ. मुळात लहान गाव, रेल्वेने मोठे झालेले. नागपूरचा आणि जबलपूरचा फाटा येथेच फुटतो. त्यामुळे एका गावात दोन गावे राहिली: स्वतःचे पाणी आणि दवाखाना असलेली रेल्वेची वसाहत, आणि पालिकेच्या नळाची वाट पाहणारे शहर. देशातील लाखो प्रवाशांनी हे शहर पाहिले ते रात्री फलाटावर, चहाच्या कपासह. त्यांचेही मत असतेच.

२५/ २०१७ च्या त्या सर्वेक्षणात एकूण गुण २००० होते. त्यांपैकी ९०० पालिकेने स्वतः सादर केलेल्या माहितीस आणि कागदपत्रांस, ६०० नागरिकांच्या प्रतिसादास, आणि प्रत्यक्ष पाहणीस केवळ ५००. गटारे तुंबलेली होती की नव्हती, हा वाद मी घालत नाही. कचरा हा कचराच. पण ज्या पालिकेकडे कचरा उचलण्यास माणसे कमी, तिच्याकडे अर्ज भरण्यासही माणसे कमीच असणार. ती दोनदा नापास होते.

२६/ आणखी एक गोष्ट. ती क्रमवारी मुख्यतः लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांची होती. २०११ च्या जनगणनेत देशात वैधानिक नगरे ४,०४१ होती. म्हणजे नऊ दशांश नगरे त्या परीक्षेस बसलीच नव्हती. ४३३वा क्रमांक देशातला नव्हे, वर्गातला. मथळ्यांत हा भेद कोणी ठेवला नाही.

२७/ पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, राहण्यास सुलभ अशा १११ शहरांचा निर्देशांक प्रसिद्ध झाला. पहिले पुणे, दुसरे नवी मुंबई, तिसरी मुंबई. मुरार जगदेवाने पहार ठोकलेले तेच पुणे. पुढील आवृत्तीत नागरिकांच्या मतास तीस टक्के वजन दिले गेले, तेव्हा दहा लाखांहून मोठ्या शहरांत बंगळुरू पहिले आले आणि पुणे दुसरे. तेवढ्यावरूनही पुण्यात चर्चा रंगल्या.

२८/ त्या १११ शहरांत भुसावळ नव्हते. सिरोंच्याचा तर प्रश्नच नव्हता. तेथील पुष्कळ लोक घरी तेलुगू बोलतात, नदीपलीकडे तेलंगणात त्यांचे सोयरे आहेत, बाजारहाट आणि दवाखान्यासाठी पाय तिकडेच वळतात. त्यांच्या हिशेबाने मध्यभागी गोदावरी आहे, आणि दूरचे, गैरसोयीचे, जाण्यास अवघड असे गाव कोणते विचारले, तर त्यांचे बोट मुंबईकडे जाईल.